भिडू

रविवारी संध्याकाळी माझा आठ वर्षांचा मुलगा घामाने निथळत घरात आला, फ्रीजमधली बाटली तोंडाला लावली आणि म्हणाला, "आई, आज आम्ही इंडिया-पाकिस्तान खेळलो. आम्ही जिंकलो."

"पाकिस्तान कोण झालं?" मी सहज विचारलं.

"झैद. आणि अजून चार जण त्याच्याकडून. कोणालातरी व्हायलाच लागतं ना."

"पण झैदच का?"

त्याने बाटली खाली ठेवली. आईला कधी कधी साध्यासुध्या गोष्टीही कळत नाहीत, अशी ती नजर होती. "अगं, तो झैद आहे ना."

त्या मुलाचं नाव इथे बदललं आहे, बाकी काही बदललेलं नाही. झैद आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. त्याची आई दापोलीकडची. तिच्या तोंडची कोकणी बोली ऐकली की माझ्या सासूबाईंना त्यांचं माहेर आठवतं. त्या घरातल्या कोणी पाकिस्तान पाहिलेलं असण्याची शक्यता आमच्या घरापेक्षा तिळभरही जास्त नाही. माझ्या मुलाच्या आवाजात द्वेष नव्हता, चिडवणं नव्हतं. आंबा पिवळा असतो तसा झैद पाकिस्तान असतो, एवढंच तो सांगत होता. मला बोचलं ते हे.

मी काय केलं? पोळ्या लाटायला घेतल्या. त्यावर पुढे येईन.

पोरांच्या खेळात भिडू वाटून घेणं ही एक स्वतंत्र कलाच आहे. माझ्या लहानपणी दोन कप्तान ठरायचे, मग बाकीची पोरं दोघं-दोघं मिळून, खांद्यावर हात टाकून बाजूला जायची, कानात कुजबुजून खोटी नावं ठरवायची आणि परत येऊन विचारायची: सूर्य पाहिजे की चंद्र? कोण सूर्य आणि कोण चंद्र, हे कप्तानाला ठाऊक नसे. एक पोर जास्त झालं तर ते दोन्हीकडून खेळायचं. अगदीच धाकटं असेल तर लिंबूटिंबू, त्याला आउट नाही. कप्तानाला भिडूचं नाव पाहून निवड करता येऊ नये, याची सोय कोण्या शहाण्या पोराने कधी करून ठेवली कोण जाणे.

मोठ्या माणसांनी मात्र मुंबईत नेमकं उलटं करून दाखवलं होतं. गोऱ्यांविरुद्ध पारशी अशा सामन्यांतून सुरू झालेली स्पर्धा १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आल्यावर तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी. पाचव्या संघाचं नाव होतं 'द रेस्ट', म्हणजे उरलेले. ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, जो कोणी वरच्या चार खणांत बसत नसेल तो त्यात. आता गंमत पाहा. विजय हजारे सांगलीचे, घरात मराठी बोलणारे. पण धर्माने ख्रिस्ती, म्हणून ते 'उरलेले'. १९४३च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून विजय मर्चंटने नाबाद २५० धावा केल्या. उत्तरादाखल हजाऱ्यांनी दुसऱ्या डावात ३०९ केल्या, तेव्हा त्यांच्या संपूर्ण संघाच्या धावा होत्या ३८७. सामना हिंदूंनी जिंकला. सांगलीच्या त्या माणसाला मुंबईच्या मैदानावर नेमकं कोणत्या अर्थाने उरलेला म्हणायचं, हा प्रश्न त्या दिवशी स्टेडियममध्ये किती जणांना पडला असेल?

आणि 'हिंदू' नावाच्या खणात तरी सगळे सारखे होते का? बाळू पालवणकर हे त्या काळातले देशातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज. जातीने चर्मकार. त्यांच्या हातचा चेंडू सवर्ण सहकाऱ्यांना चालायचा, कारण त्यावर बळी मिळायचे. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही, ते १९२३ मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालं. १९४० मध्ये गांधीजींनी धर्मावरून पाडलेल्या या संघांना उघड विरोध केला. स्पर्धा त्यानंतरही रेटली गेली आणि १९४६ मध्ये बंद पडली. मरीन ड्राइव्हवर हिंदू, इस्लाम आणि पारशी या तिन्ही जिमखान्यांची मैदानं आजही एकाच रस्त्यावर आहेत.

थोडक्यात, आमच्या पार्किंगमधल्या पोरांनी नवीन काहीच शोधून काढलेलं नाही.

*

संघ पाडल्यावर माणसांचं काय होतं, हे मुद्दाम करून पाहण्याचा ज्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी ध्यास घेतला, त्या दोघांनीही तो अनुभव पुस्तकातून घेतलेला नव्हता. मुझफ्फर शेरीफ तुर्कस्तानातले. पहिल्या महायुद्धानंतर इझमीरच्या परिसरात ग्रीक-तुर्क हिंसाचार पेटला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. हेन्री टाजफेल पोलंडमधले ज्यू. ते फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांचे कैदी झाले आणि युद्ध संपल्यावर सुटून आले तेव्हा घरचं जवळपास कोणी उरलेलं नव्हतं.

शेरीफनी १९५४च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात २२ मुलांचं शिबिर घेतलं. अकरा-बारा वर्षांची, सगळी गोरी, सगळी प्रॉटेस्टंट, सगळी मध्यमवर्गीय, म्हणजे एकमेकांचा राग यावा असं मुळात काहीच नव्हतं. मुलं आली तीच दोन वेगळ्या गटांत, सुरुवातीला एकमेकांची खबरही नसलेली. एक गट झाला गरुड, दुसरा रॅटलर साप. मग बेसबॉलचे सामने, रस्सीखेच, बक्षिसं. आठवड्याभरात एकमेकांचे झेंडे जाळणं, रात्री दुसऱ्यांच्या खोल्यांवर धाड घालणं इथपर्यंत मजल गेली. मग शेरीफनी त्यांना जवळ आणायचं ठरवलं. आधी एकत्र जेवायला बसवलं. पोरांनी एकमेकांवर अन्न फेकलं. एकत्र सिनेमा दाखवला, तरी काही फरक पडला नाही. शेवटी शिबिराचं पाणी बंद 'पडलं'. टाकीकडून येणारी पाइपलाइन तपासत दोन्ही गटांना डोंगर चढावा लागला. मग एक दिवस जेवण आणायचा ट्रक सुरू होईना. पोरांनी तो ओढायला दोर आणला, आणि तो नेमका तोच होता ज्याने आठवड्यापूर्वी रस्सीखेच झाली होती. या वेळी सगळे एका बाजूला होते.

ही गोष्ट मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हमखास सापडते. मला स्वतःला तिच्याआधीची, फसलेली गोष्ट जास्त आवडते. एक वर्ष आधी, १९५३ मध्ये, शेरीफनी न्यूयॉर्क राज्यात मिडल ग्रोव्ह इथे असंच शिबिर घेतलं होतं. तिथे मुलांना पहिले काही दिवस एकत्र राहू दिलं, त्यांची मैत्री झाली आणि मगच गट पाडले. मग शिबिरातल्या मोठ्यांनी भांडणं लागावीत म्हणून कपडे लपव, सामान मोड, असले उद्योग करून पाहिले. पोरं भांडेनात. उलट त्यांना संशय आला की हे सगळं ही मोठी माणसंच करताहेत. शेरीफ चिडले, शिबिर गुंडाळलं, आणि तो प्रयोग बराच काळ अडगळीत राहिला. पुढे जिना पेरी या लेखिकेने जुनी कागदपत्रं उकरून आणि म्हातारे झालेले ते 'मुलगे' शोधून काढून तो उजेडात आणला. आधी मैत्री आणि मग झेंडे, एवढाच फरक. पालकांनी हे शिबिर लक्षात ठेवायला हरकत नाही.

टाजफेलचा निष्कर्ष मात्र एवढा दिलासा देणारा नाही. त्यांनी १९७०च्या आसपास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांना क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, आवडनिवड विचारली आणि सांगितलं, तू क्ले गटात, तू कँडिन्स्की गटात. खरं तर ही वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच होती. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना माहीत नव्हतं, भांडण नव्हतं, स्पर्धा नव्हती. तरी अनोळखी मुलांना पैसे वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. त्याहून चमत्कारिक म्हणजे, आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यांपेक्षा फरक मोठा राहायला हवा, असाही त्यांचा कल दिसला. शेजाऱ्याचे दोन्ही डोळे फुटावेत म्हणून आपला एक देणाऱ्याची गोष्ट आपल्याला आजीने सांगितलेली असते. टाजफेलनी ती आकड्यांत मांडली.

म्हणजे भेद करणं मुळातच माणसात आहे आणि आईबापांनी हात टेकावेत? तसंही नाही. अमेरिकेत रेबेका बिग्लर यांनी वर्गातल्या मुलांना दोन रंगांचे टी-शर्ट घालायला दिले. काही वर्गांत शिक्षकांनी रंगांचा उल्लेखच केला नाही. तिथे टी-शर्ट हा नुसता टी-शर्ट राहिला. काही वर्गांत शिक्षकांनी रंगावरून रांगा लावल्या, रंगावरून हाका मारल्या. कोणता रंग चांगला, असं कोणी एका शब्दाने म्हटलं नाही. पण काही आठवड्यांत मुलांना आपला रंग हुशार आणि दुसरा जरा कमी वाटू लागला. फरक डोळ्यांना दिसतो म्हणून मनात रुजत नाही. मोठ्यांनी त्याचा वापर केला की रुजतो.

कपड्यांचा रंग निदान दिसतो तरी. धर्म बहुतेक वेळा दिसतही नाही, तो ओळखून काढावा लागतो. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट दिसायला सारखे, बोलायला इंग्रजीच. तिथे माणसं नावावरून, शाळेवरून, अगदी इंग्रजी वर्णमालेतल्या आठव्या अक्षराच्या उच्चारावरून समोरच्याची जमात ताडतात: 'हेच' म्हटलं तर कॅथलिक, 'एच' म्हटलं तर प्रॉटेस्टंट. आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे 'आडनाव काय?' आणि त्याने भागलं नाही तर 'मूळ गाव कुठलं?' हे दोन प्रश्न तेच काम करतात. १९०१ मध्ये साताऱ्याजवळच्या मसूर स्टेशनवर चांगले कपडे घातलेली काही मुलं वडिलांची वाट पाहत उभी होती. स्टेशनमास्तरला वाटलं, ब्राह्मणाघरची दिसतात. त्याने आपुलकीने चौकशी केली. आपण महार आहोत असं मुलांनी सांगताच त्याचा चेहरा बदलला. मग पैसे द्यायची तयारी असूनही बैलगाडी मिळेना. दुप्पट भाडं आणि गाडी मुलांनीच हाकायची, या बोलीवर शेवटी एक गाडीवाला तयार झाला. त्या मुलांतले एक होते भीमराव आंबेडकर, तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचे. पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी हा प्रवास तपशिलाने सांगितला आहे.

उत्तर आयर्लंडमध्येच पॉल कॉनली यांनी तीन ते सहा वर्षांच्या ३५२ मुलांशी बोलून २००२ मध्ये अहवाल काढला. तीन वर्षांची मुलंही झेंडे पाहून आपापल्या जमातीला शोभेशी आवड दाखवत होती, त्यामागचा अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी. सहाव्या वर्षापर्यंत साधारण एक तृतीयांश मुलं स्वतःला एका जमातीचं मानत होती आणि सुमारे १५ टक्के मुलांच्या तोंडी दुसऱ्या जमातीबद्दल वाईटसाईट वाक्यं होती. सहावं वर्ष म्हणजे पहिली. आपण पालक 'मोठा झाला की समजावू' म्हणून जो मुहूर्त काढून ठेवतो, तो आधीच टळून गेलेला असतो.

*

आता माझ्या पोळ्यांकडे येते.

त्या रात्री मी काही बोलले नाही, कारण मला वाटलं, बोलून मी त्याच्या डोक्यात नसलेलं काहीतरी घालीन. चांगल्या घरांतला हा सर्रास समज आहे: आपण भेदाबद्दल बोललो नाही तर मुलांना भेद कळणार नाही. अमेरिकेत ऑस्टिन इथे बिर्गिट व्हिट्रप यांनी पाच ते सात वर्षांची मुलं असलेल्या गोऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला. हे पालक स्वतःला मोकळ्या मनाचे समजणारे होते. मुलांशी वर्णाबद्दल बोला, असं त्यांतल्या काहींना सांगितलं होतं. बहुतेकांना ते जमलं नाही, काहींनी तर अभ्यासच सोडला. आणि आपल्या आईबाबांना काळे लोक आवडतात का, असं विचारल्यावर अनेक मुलांनी उत्तर दिलं, माहीत नाही. काही तर म्हणाली, नाही आवडत. आईबापांचं मौन मुलांनी आपल्या परीने वाचलं होतं.

शिवाय आपण खरंच गप्प असतो का? मी आठवडाभर स्वतःच्या घराकडे कान लावून बसले. 'आपल्यात चालत नाही', 'त्यांच्यात चालतं' हे तर दिवसातून दोनदा तरी. 'त्या एरियात कशाला जायचं रात्रीचं.' मग एक दिवस सासूबाई फोनवर झैदच्या घराचं कौतुक करत होत्या, अगदी मनापासून: "मुसलमान आहेत, पण घर काय स्वच्छ ठेवलंय!" आणि मी स्वतः एका मैत्रिणीला म्हणाले, "तशी चांगली माणसं आहेत गं." तशी म्हणजे कशी? 'पण' आणि 'तशी' या दोन बारीक शब्दांना मराठीत आपण किती ओझं वाहायला लावतो! शिवी ऐकली तर मूल दचकेल, विचारील, कदाचित विसरूनही जाईल. 'पण' मात्र व्याकरणासारखा आत जातो. उद्या माझा मुलगा कोणाही स्वच्छ, हुशार, प्रेमळ मुसलमानाबद्दल बोलताना आपोआप एक 'पण' घालील आणि त्याला ते कळणारही नाही. आंबा पिवळा असतो तसं.

पुढच्या आठवड्यात जिन्यात झैदची आई भेटली. मी चाचरत विषय काढला. ती हसली. "अगो, तो गेल्या वर्षापासून पाकिस्तान आहे! घरी येऊन सांगतो, आज हरलो, पण तीन विकेट माझ्या." मग पायरीवर टेकत तिने तिच्या घरातली शिकवण सांगितली. इंडिया-पाकिस्तान मॅच असेल त्या दिवशी शाळेत क्रिकेटबद्दल बोलायचं नाही. फटाके, बॉम्ब यांवर विनोद करायचा नाही. कोणी काही म्हटलं तर हात उचलायचा नाही, कारण दोघांनी मारामारी केली तरी नाव एकाचंच होतं. "तुमचा मारामारी करून आला तर तुम्ही ओरडता. आमचा आला तर आम्हाला झोप लागत नाही." मुलीच्या वेळी नाव ठेवताना त्यांनी मुद्दाम दोन्हीकडे चालेलसं शोधलं. तिचं नाव सारा आहे.

नाझिया इरम यांनी 'मदरिंग अ मुस्लिम' या पुस्तकासाठी देशातल्या शंभरहून जास्त मुस्लिम कुटुंबांशी, मुख्यतः शहरी सुखवस्तू घरांतल्या आयांशी, बोलून असेच अनुभव जमवले. महागड्या शाळांच्या पटांगणांवर पाच-सहा वर्षांच्या मुलांना 'पाकिस्तानी' म्हणून हाक मारली जाते, हे त्यात पुन्हा पुन्हा येतं. पुस्तक वाचताना मला आमचं पार्किंग दिसत होतं. माझी काळजी अशी की माझा मुलगा कोणाला दुखवायला शिकेल. झैदच्या आईची काळजी, तिच्या मुलाला कोणी दुखवील. मी या दोन काळज्या एकाच तराजूत टाकून 'आपण सगळ्याच आया' म्हणू शकले असते. पायरीवर बसून तिचं ऐकल्यावर ते तोंडातून निघेना. माझी काळजी मी हवी तेव्हा बाजूला ठेवून पोळ्या लाटू शकते.

*

मग उपाय काय? 'मुलांना एकत्र खेळू द्या' हे सगळेच सांगतात. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच पूर्वग्रहावरच्या आपल्या ग्रंथात सांगून ठेवलं होतं की नुसतं एकत्र येणं पुरत नाही. दोन्ही बाजूंचा दर्जा सारखा हवा, साध्य एक हवं, ते मिळवायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि वरच्यांचा या सगळ्याला पाठिंबा हवा. पुढे अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू लोव यांनी वाराणसीच्या ग्रामीण भागात खास क्रिकेट लीग भरवून हे तपासलं. सुमारे ८०० तरुण वेगवेगळ्या संघांत वाटले. काही संघ एकाच जातीगटातले, काही मिसळलेले. जे दुसऱ्या जातीच्या खेळाडूंबरोबर एकाच संघातून खेळले, त्यांच्यात जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. जे त्यांच्याविरुद्ध खेळले, त्यांच्यात उलटा परिणाम दिसला. खेळ तोच, चेंडू तोच, मैदानही तेच. फरक फक्त भिडू कोणाकडे, याचा.

इराकमध्ये इसिसच्या पाडावानंतर सलमा मूसा यांनी विस्थापित ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांबाबत असाच प्रयोग केला. काही संघांत आणखी ख्रिस्ती खेळाडू घातले, काहींत मुस्लिम. मुस्लिम भिडू मिळालेले ख्रिस्ती खेळाडू सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करत होते, पुढच्या हंगामात मिश्र संघातून खेळायला तयार होते, दुसऱ्या संघातल्या मुस्लिम खेळाडूला खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी मत देत होते. मैदानाबाहेर मात्र गाडी अडली. मुस्लिमबहुल मोसुलमधल्या हॉटेलात जेवायला जायची वेळ आली तेव्हा त्यांच्यात आणि इतरांत फारसा फरक राहिला नाही. भिडू आपला झाला होता, त्याची जमात नाही. हा निष्कर्ष मला पटतो, कारण तो माझ्या घरातल्या 'पण'शी जुळतो.

म्हणून मुलांवर सगळा भार टाकण्यात अर्थ नाही. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगली होणारी आणि न होणारी शहरं जोडीजोडीने तपासली. कालिकतमध्ये सुमारे ९० टक्के हिंदू-मुस्लिम कुटुंबांनी सांगितलं की आमची मुलं एकत्र खेळतात. अलिगढमध्ये हे प्रमाण ४२ टक्के. एकत्र जेवणाचंही तसंच, ८३ आणि ५४. पण त्यांचा खरा मुद्दा वेगळा आहे. अफवा पसरते, राजकारणी तेल ओततात, तेव्हा शेजारपण तुटायला वेळ लागत नाही. टिकतात त्या संस्था: व्यापाऱ्यांचे संघ, कामगार संघटना, वाचनालयं, जिथे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांचं एकमेकांवाचून अडतं.

याचं उदाहरण आमच्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ मध्ये पोलिस उपायुक्त म्हणून तिथे आलेल्या सुरेश खोपडे यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेते आणि पुढारी टाळून यंत्रमागवाले, दुकानदार, रिक्षावाले असे साधे हिंदू-मुस्लिम रहिवासी घेतले आणि शांततेच्या काळात त्यांना नियमाने भेटत ठेवलं. भेटीत चर्चा व्हायची ती गटारं, भांडणं, भाडेकरू, लाउडस्पीकर यांची. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दोन फेऱ्यांत हिंसाचार झाला. श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू नोंदवले: ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ ओळख न पटलेले. भिवंडी त्या वेळी शांत राहिली. पुढे ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तेव्हाचे पोलिस आयुक्त सतीश साहनी यांनी मुंबईतही मोहल्ला कमिट्यांचं काम सुरू केलं. त्यात क्रिकेटच्या स्पर्धाही होत्या, हे ओघाने आलंच.

आणि पालकांनीच काही उभं केल्याचं उदाहरण हवं असेल तर बेलफास्टकडे पाहावं लागतं. बॉम्बस्फोट रोजचे झाले होते अशा काळात, १९८१ मध्ये, तिथल्या काही कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट आईबापांनी सरकारची वाट न पाहता लागन कॉलेज ही एकत्र शाळा काढली. पहिल्या दिवशी स्काउटांच्या एका जागेत २८ मुलं होती. आज अशा शाळा पुष्कळ आहेत, तरीही तिथल्या दहा मुलांमागे एकापेक्षा कमीच मूल त्यांत जातं. चाळीस वर्षं उलटली आणि जनमत चाचण्यांत एकत्र शिक्षणाला मोठा पाठिंबा मिळत असला, तरी. मोठ्यांचे खण पोरांच्या खणांपेक्षा पक्के असतात.

माझंच पाहा. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत रिकाम्या फ्लॅटचा विषय निघाला होता. सहाव्या मजल्यावरचे काका म्हणाले, "भाड्याने कोणाला द्यायचं ते मालकाने ठरवावं, आपण कोण सांगणार. पण सोसायटीचं एक वातावरण असतं…" आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. काहींनी माना डोलावल्या. झैदचे बाबा मागच्या रांगेत बसले होते. मी माझ्या वहीत हिशेबाच्या बेरजा तपासत बसले. बेरजा बरोबर होत्या.

या मे महिन्यात आमच्याकडे पाण्याची बोंब झाली. टँकर कधी येतो, कधी येत नाही, आला तर अर्धा रिकामा. सोसायटीने पाणी समिती नेमली आणि झैदच्या बाबांना पंप-मोटारींतलं कळतं म्हणून त्यांना त्यात घ्या, असं मी सुचवलं. कोणी हरकत घेतली नाही, कारण घसा सगळ्यांचाच कोरडा होता. महिनाभर रोज सकाळी सहाला झैदचे बाबा आणि सहाव्या मजल्यावरचे काका गच्चीवर टाकीत टॉर्च मारून डोकावताना दिसायचे. काकांनी त्यांना स्वतःच्या थर्मासमधला चहा पाजला, हे मी पाहिलं. परवा लिफ्टमध्ये काका मला म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे हो. त्यांच्यातला आहे, पण तसा नाही." ऑलपोर्टच्या ग्रंथात या खुबीलाही जागा आहे: एखाद्या माणसाला अपवाद म्हणून कुंपणाच्या आत घ्यायचं आणि कुंपण पुन्हा बंद करून टाकायचं. मी या वेळी गप्प बसले नाही. "तसा म्हणजे कसा, काका?" एवढंच विचारलं. त्यांचा मजला आला आणि ते उतरले.

मुलाशी मात्र त्या रविवारनंतर बोलले. पाकिस्तान हा एक देश आहे आणि झैद ठाण्याचा आहे, हे नकाशा काढून सांगितलं. त्याला नकाशा आवडला. झैदला कसं वाटत असेल, असं विचारलं, तर म्हणाला, "तो तर रडत नाही." मग थोड्या वेळाने, जेवता जेवता, "पण तो कधीच इंडिया झाला नाहीये." मी त्याला सूर्य-चंद्राची पद्धत शिकवली. ती खाली दोन दिवस चालली. मग पोरांना आयपीएल चढलं आणि संघ मुंबई-चेन्नई असे पडू लागले.

काल तो तणतणत वर आला. झैद मुंबईचा कप्तान झाला होता आणि याला चेन्नईत टाकलं होतं.

"मी का चेन्नई? मी मराठी आहे!" बूट भिरकावत तो म्हणाला. "दुसऱ्या मजल्यावर तो अय्यर आहे ना, त्याला करायचं ना चेन्नई."